बाई, पाय कुठं गेलं?

आधी माझी एक फजिती सांगते. शाळेत कुणाला सांगू नका हं!

गेल्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनात चौथीतल्या एका मुलीनं लावणी केली. ती तिला तिच्या आजीनं शिकवली होती. आजी तरुणपणी तमाशाच्या फडात नाचायची. कार्यक्रमाच्या दिवशी तिनं ट्रंकेतून स्वतःचे चाळ काढले आणि नातीच्या पायांत बांधले. पण गुडघ्यांमुळे तिला काही शाळेपर्यंत येता आलं नाही. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "आजी, काळजी करू नका. मी मोबाइलवर सगळं घेऊन येते."

आणलं की! दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून आम्ही ते पाहिलं. मुलीचा चेहरा झकास आला होता. नथ आली होती, मागचा रंगीत पडदासुद्धा आला होता. आजीनं चष्मा पदरानं पुसला, पुन्हा एकदा सगळं पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, पोरीचं पाय कुठं गेलं?"

खरंच की हो! पुढच्या रांगेत पाहुणे मंडळी बसली होती. कमरेखालचं सगळं त्यांच्या फेट्यांआड गेलं होतं. आणि लाउडस्पीकर इतका मोठा, की चाळांचा आवाज औषधालासुद्धा ऐकू येत नव्हता. ज्यासाठी आजी डोळ्यांत प्राण आणून बसली होती, नेमकं तेवढंच माझ्याकडून निसटलं होतं.

त्या रात्री मला झोप येईना. नाच कॅमेऱ्यात पकडायचा म्हणजे नक्की काय पकडायचं? पाय की चेहरा? की आवाज? मग मला आठवला दूर स्पेनमधला एक नाच. या प्रश्नाशी तिथल्या माणसांनी शंभराहून जास्त वर्षं झोंबी घेतली आहे. त्या नाचाचं नाव फ्लामेंको.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण तो पाहिला असेल. २०११ सालच्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' या चित्रपटात तिघे मित्र एका स्पॅनिश गावात 'सेन्योरिता' गाण्यावर नाचतात, आठवतं? गाण्यातलं ते गाव म्हणजे दक्षिण स्पेनमधलं आलाहार. याच दक्षिण भागाला आंदालुसिया म्हणतात आणि फ्लामेंकोचं माहेर तेच. तिथं तो लग्नात, अंगणात आणि गुत्त्यात वाढला, आणि तो वाढवण्यात मोठा वाटा होता खितानो लोकांचा, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांचा. हे लोक गरीब, गावाबाहेर राहणारे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या उत्तर भारतातून निघाले, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. कशावरून? रोमा भाषेतले आकडेच बघा ना! येक, दुय, त्रिन, श्तार, पांज... आणि दहाला म्हणतात देश! म्हणून कुणी लगेच म्हणू नका हं की फ्लामेंको म्हणजे आपलंच कथक. तसा पुरावा नाही. वाटेत किती देश लागले, किती लोकांचं गाणं कानांवर पडलं! आणि स्पेनमध्ये तर अरबांचं, ज्यूंचं आणि शेतकऱ्यांचं असं कितीतरी संगीत आधीपासूनच होतं.

फ्लामेंकोत नाचणारा एकटा नसतोच. एक जण गातो, एक गिटार वाजवतो आणि बाकीचे टाळ्या देतात. टाळ्या म्हणजे आपल्या बक्षीस समारंभातल्या कडकडाटी टाळ्या नव्हेत बरं का. बारा मात्रांचा हिशेब असतो. करून बघा. एक ते बारा सावकाश मोजा आणि ३, ६, ८, १०, १२ या आकड्यांवर जोरात टाळी द्या. पहिल्या दोन टाळ्यांमध्ये अंतर जास्त आणि पुढे एकदम कमी! आमच्या वर्गात हे करताना निम्मी मुलं आठावर घसरली. (मीही घसरले, पण फळ्याकडे तोंड होतं म्हणून कुणाला कळलं नाही.) ही लय सगळ्यांच्या रक्तात भिनलेली असते. नाचणारा पायानं एक ओळ बोलतो, गिटार तिला उत्तर देते आणि गाणारा मध्येच दोघांना थांबवतो. कुणीतरी "ओले!" म्हणून दाद देतं. नाचणाऱ्याच्या बुटांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात. म्हणजे पाय हेसुद्धा एक वाद्यच.

आता सांगा, हे सगळं एका चौकटीत कसं मावायचं?

सुरुवातीला तर आवाजाचा प्रश्नच नव्हता, कारण आवाजच नव्हता! १८९४ साल. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्याच्या आवारात एक विचित्र खोली होती. बाहेरून काळा डांबरी कागद मारलेली आणि छताची एक बाजू उघडणारी. ही अख्खी खोली गोल रुळावर फिरवता यायची. ऊन जिकडं जाईल, तिकडं खोली! कारण त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागे. त्या खोलीत कार्मेनसिता नावाची एक स्पॅनिश नर्तकी येऊन नाचली. आंदालुसियातल्या आल्मेरियाची ती. एडिसनच्या कॅमेऱ्यासमोर आलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतात. ती फिल्म जेमतेम वीस-पंचवीस सेकंदांची आहे. तिनं केलेला नाच अस्सल फ्लामेंको नव्हता, रंगमंचावरचा स्पॅनिश नाच होता. पण घागऱ्याचा घेर कसा उडतो आणि पाऊल कसं पडतं, ते आजही दिसतं. ऐकू मात्र काहीच येत नाही. लोक ही फिल्म एका पेटीच्या भोकाला डोळा लावून एकेकटे पाहत. विचार करा, बारा जणांनी मिळून करायची गोष्ट, आणि पाहणारा एकटा, तीही मुकी!

पुढे बोलपट आले आणि आवाज आला. पण त्याबरोबर एक नवी डोकेदुखीही आली. जरा गणित करू या, घाबरू नका. सिनेमात एका सेकंदात २४ चित्रं असतात. समजा, नर्तकानं एका सेकंदात पायाचे १० ठोके मारले. म्हणजे एका ठोक्याच्या वाट्याला अडीचसुद्धा चित्रं येत नाहीत. आता सिनेमात चित्र एका यंत्रावर घेत आणि आवाज दुसऱ्या यंत्रावर. मग दोन्ही जुळवत. बोलणाऱ्या माणसाचे ओठ आणि आवाज यांत एका चित्राचा फरक पडला, तर आपल्याला बहुधा कळणार नाही. पण इथं जवळजवळ अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो आणि नर्तक बेताला वाटू लागतो! शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मायक्रोफोन नर्तकापासून १७ मीटरवर ठेवला, तर ठोका तिथं पोहोचायला एका सेकंदाचा विसावा भाग जातो. तेवढ्यात एक चित्र पुढे सरकलेलं असतं. म्हणून मायक्रोफोन पायांजवळ हवा. आणि पायांजवळ ठेवला, की तो चित्रात दिसतो. आहे की नाही पंचाईत?

मग काही लोकांनी वेगळाच विचार केला. नाच थिएटरात घ्यायलाच हवा असं थोडंच आहे? १९५२ साली एदगार नेव्हिल या दिग्दर्शकानं फ्लामेंकोवर एक चित्रपट काढला. त्यात आंतोनिओ नावाचा नर्तक रोंदा गावाच्या प्रचंड दरीच्या तळाशी नाचतो. वर उंचच उंच दगडी पूल, खाली इवलासा माणूस. त्यानं निवडलेलं गाणं होतं लोहारांचं. त्याला गिटारची साथ नसते, ऐरणीवरच्या हातोड्याचा ठोका हीच साथ. तोवर हे गाणं फक्त गायचं, त्यावर नाचायचं नाही, अशीच रीत होती.

आता मी ज्या बाईबद्दल सांगणार आहे, ती माझी फार आवडती. कार्मेन आमाया. बार्सिलोना शहराच्या समुद्रकाठी सोमोरोस्त्रो नावाची झोपडपट्टी होती, तिथं ती जन्मली. लहानपणी वडिलांच्या गिटारवर गुत्त्यांतून नाचून पैसे गोळा करायची. पुढे अमेरिकेपर्यंत तिचं नाव झालं. त्या काळी बायकांनी हात आणि कंबर लयीत हलवायची आणि पायांचं जोरकस काम पुरुषांनी करायचं, अशी वाटणी मानत. ही पठ्ठी पुरुषी विजार घालून उभी राहिली आणि पायांनी असा काही गडगडाट केला की पाहणारे थक्क!

१९६३ साली 'लोस तारान्तोस' या चित्रपटात तिनं एका आईचं काम केलं. तेव्हा तिच्या मूत्रपिंडांचा आजार फार बळावला होता. चित्रीकरण तिच्या जन्माच्या त्या सोमोरोस्त्रोतही झालं. वाळू, पत्र्याच्या खोपटी, भोवती शेजारीपाजारी, आणि मध्ये ती. एका ठिकाणी ती नुसती टेबलाशी बसून बोटांच्या पेरांनी लाकडावर ताल धरते. बाकी काही नाही हो, फक्त टकटक! पण ती टकटक ऐकताना अंगावर काटा येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गेली. १९६६ साली ती वस्तीही पाडली गेली. आज तिथं पर्यटकांची चौपाटी आहे. कार्मेनची पावलं, ती वाळू आणि ते शेजारी आता एकत्र पाहायचे असतील, तर त्या फिल्ममध्येच.

याच चित्रपटात एक सडपातळ तरुण आहे. रात्री बार्सिलोनाचा रस्ता नळीच्या पाण्यानं धुतला जात असतो आणि हा त्या ओल्या रस्त्यावर नाचत सुटतो. त्याचं नाव आंतोनिओ गादेस. त्याला लक्षात ठेवा, तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

कारण पुढची गोष्ट आहे कार्लोस साउरा या दिग्दर्शकाची. हा मूळचा छायाचित्रकार. तरुणपणी त्याला स्वतःलाच फ्लामेंको नाचायची हौस होती. पण शिकवणाऱ्या बाईंनी त्याला पाहून 'तू आपलं दुसरं काहीतरी कर' असं सुचवलं, हे तो पुढे हसत हसत सांगे. त्यानं दुसरं काहीतरी केलं, पण नाचाला सोडलं नाही!

गादेसनं कवी लोर्का याच्या 'रक्तविवाह' या नाटकावर एक नृत्यनाट्य बसवलं होतं. साउरानं त्याची तालीम पाहिली आणि ठरवलं, की तालीमच चित्रपटात घ्यायची. ना दरी, ना गाव, ना घोडे. एक रिकामी खोली, मोठ्या खिडक्या आणि लाकडी जमीन, बस्स. १९८१ साली हा चित्रपट आला. सुरुवातीला नर्तक येतात, आरशासमोर बसून रंग लावतात, अंग मोकळं करतात. मग नाच सुरू होतो आणि आपण त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून पाहतोय असं वाटतं.

शेवटी दोन पुरुषांची सुऱ्यांची झुंज आहे. ती सगळी संथ गतीत चालते. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, कॅमेऱ्यात करता येतं! तीच तर गंमत आहे. ही गती कॅमेऱ्याची नाही, माणसांची आहे. दोघे नर्तक स्वतःच तितक्या हळू हलतात. संगीत थांबलेलं असतं, श्वास ऐकू येतात. हवं तर घरी करून बघा. एक पाय उचलून तो खाली ठेवायला मोजून वीस सेकंद घ्या. मांडी थरथरू लागेल. कॅमेऱ्यानं ते सोपं करून दिलं असतं, पण मग ती थरथर कुठून आणली असती?

साउरानं पुढे 'कार्मेन' (१९८३) आणि आणखी बरेच नाचाचे चित्रपट केले. मला त्यातला १९९५ सालचा 'फ्लामेंको' सगळ्यात आवडतो. त्यात गोष्ट नाहीच. एकामागून एक गाणारे, वाजवणारे, नाचणारे येतात आणि जातात. चित्रीकरण झालं सेव्हिल शहरातल्या एका जुन्या रेल्वे स्टेशनात. गाड्या बंद झाल्या होत्या आणि लोखंडी कमानींचं ते मोठं सभागृह मोकळं होतं. तिथं त्यानं मोठमोठे पडदे उभे केले. प्रकाशाची बाजू सांभाळायला इटलीचे विटोरिओ स्टोरारो होते. यांना तीन वेळा ऑस्कर मिळालेलं! पडद्यांमागून उजेड सोडायचा, कधी मावळतीचा केशरी, कधी रात्रीचा निळा. पुढे माणूस. कधी नुसती त्याची काळी आकृती. कॅमेरा हळूच सरकतो, पण नाचणाऱ्याचं डोकं किंवा पाय छाटत नाही. अमेरिकेचा नाचणारा नट फ्रेड अस्टेअर तर दिग्दर्शकांना बजावायचाच, की माझं पूर्ण अंग चौकटीत दिसलं पाहिजे. (हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!)

त्या चित्रपटात फार्रुको नावाचे आजोबा आहेत. अंगानं स्थूल, मोठ्या दरार्‍याचे. त्यांच्याबरोबर त्यांचा नातू फार्रुकितो, जेमतेम बारा वर्षांचा. म्हणजे सहावी-सातवीतल्या तुमच्या दादाएवढा. दोघे नाचतात. १९९७ साली आजोबा गेले. नातू आज स्पेनमधला फार मोठा नर्तक आहे. साउराही २०२३ साली गेले.

पण खरं सांगू? झगमगीत पडदे, ऑस्करवाले छायालेखक वगैरे सगळं छानच आहे, तरी माझं मन रमलं ते दुसरीकडेच. १९७१ ते १९७३ या काळात स्पेनच्या दूरचित्रवाणीनं एक मालिका केली. 'रितो इ खेओग्राफिया देल कांते' असं लांबलचक नाव. साधारण शंभर भाग, सगळे काळे-पांढरे. त्यातली माणसं कॅमेरा घेऊन कलावंतांच्या घरी गेली. स्वयंपाकघरात, गुत्त्यात, शेतात. म्हातारी बाई खुर्चीत बसून गाते, मागं पोरं दारातून डोकावतात, कुणीतरी ग्लास ठेवतो त्याचा आवाज येतो. दियेगो देल गास्तोर नावाचे एक गिटारवादक होते. त्यांना रेकॉर्ड काढायची अजिबात हौस नव्हती. आपल्या मोरोन गावात मित्रांमध्ये वाजवायचं, एवढंच. १९७३ साली ते वारले. ती मंडळी त्यांच्या गावी गेली म्हणून आज त्यांची बोटं तारांवर फिरताना दिसतात. चार-दोन वर्षं उशीर झाला असता तर?

हे वाचलं आणि मला आजीची ओसरी आठवली.

मी आजीला विचारलं, "तुमचा फडातला एखादा फोटो आहे का हो?" आजी हसली. म्हणाली, "आमचा कोन काढनार फोटू?"

मग यंदा स्नेहसंमेलनाची वाट पाहिलीच नाही. एका रविवारी सकाळी, ऊन कोवळं असतानाच, मी आजीच्या अंगणात गेले. लाउडस्पीकर नाही. मुलीचा मामा ढोलकीवर. दोन विटा एकमेकींवर ठेवून त्यांना मोबाइल टेकवला, मुलीच्या गुडघ्याच्या उंचीवर. मागं सरकत सरकत पार गोठ्यापर्यंत गेले, तेव्हा कुठं डोक्यापासून पायापर्यंत सगळी मुलगी चौकटीत मावली. पण १७ मीटरचं गणित आठवलं. मग दुसरा मोबाइल मुलीच्या पायांपाशी तुळशीवृंदावनाआड लपवला, फक्त आवाजासाठी. नंतर दोन्ही जुळवताना पहिली टाळी खुणेला धरली.

आजीला म्हटलं, तुम्हीही या चौकटीत. तर ती म्हणाली, "मला नगं घेऊ, मी आपली हितं बसते." आणि ती पायरीवर बसली. तिच्या लक्षात आलं नाही, पण पायरी चौकटीतच होती. नाच रंगला तसा तिचा उजवा हात मांडीवर पडायला लागला. मग डावी टाच. मग तिनं मान वळवून नातीला एक नुसती नजर दिली, आणि नातीनं गिरकी घेतली.

संध्याकाळी आम्ही ते पाहिलं. चाळ ऐकू येत होते, वेगळे, मोकळे. आजी एकदम गप्प. स्वतःचा हात दिसल्यावर ती मोबाइलच्या अगदी जवळ गेली. पूर्ण संपेपर्यंत बोललीच नाही. मी धीर करून विचारलं, "आजी, आता दिसले का पाय?"

"दिसलं की," आजी म्हणाली. "म्हनून तर कळलं. दुसऱ्या फेरीला डावा पाय उशिरा पडलाय तिचा. उद्या परत घ्या."